बीमचं गणित कागदावर मांडताना

प्रिय मंदार,

सप्रेम नमस्कार.

उत्तरं बरोबर येऊनही स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सच्या असाइनमेंटला मार्क कापले जातात, असं तू लिहिलंस. तू पाठवलेली पानं नीट पाहिली. गणित तुला येतंय. पण रिअ‍ॅक्शन (आधारांनी बीमवर लावलेली बलं) कुठे काढल्या, मधला एखादा आकडा कुठून आला आणि शेवटचं उत्तर कुठलं, हे शोधायला पान दोनदा वाचावं लागतं. पुढ्यात अख्ख्या वर्गाचा गठ्ठा असताना सर तेवढं शोधत बसू शकत नाहीत. तुझंच गणित घेऊन सांगतो.

बीम (आडवी तुळई) ए पासून बी पर्यंत ६ मीटरचा, सिम्पली सपोर्टेड, म्हणजे दोन्ही टोकांना नुसता टेकलेला. पूर्ण लांबीवर मीटरला ८ किलोन्यूटन यूडीएल (सारखा पसरलेला भार) आणि ए टोकापासून २ मीटरवर, सी ला, १२ किलोन्यूटनचा पॉइंट लोड (एकाच बिंदूवरचा भार). सेक्शन, म्हणजे आडवा छेद, १५० रुंद बाय ३०० उंच मिलिमीटर. ‘गिव्हन’मध्ये एवढंच लिही, प्रश्न शब्दशः उतरवू नकोस. त्याखाली ‘टू फाइंड’ आणि मग गृहीत काय धरलंस ते. बीमचं स्वतःचं वजन सोडलं असेल तर तसं स्पष्ट लिही. नाहीतर तू ते विसरलास असंच वाटतं.

कागद ए-फोर, लिखाण एकाच बाजूला. डावीकडे ३० मिलिमीटर समास सोड, म्हणजे पंच केल्यावर अक्षरं फाइलच्या आत जाणार नाहीत. प्रत्येक पानाच्या माथ्यावर नाव, रोल नंबर, गणिताचा क्रमांक आणि पानाचा आकडा ‘२/४’ असा. नुसतं ‘२’ लिहिलं तर शेवटचं पान गळालं तरी कोणाला कळत नाही.

आता रिअ‍ॅक्शन. आधी शब्दांत लिही: ‘ए भोवती मोमेंट (बल × अंतर) घेऊन’. खालच्या ओळीत: बी ची रिअ‍ॅक्शन × ६ = (८ × ६ × ३) + (१२ × २) = १६८. त्याखाली उत्तर, २८ किलोन्यूटन, वरच्या दिशेने. मग उभ्या बलांच्या बेरजेतून ए ला ३२. बरोबरची चिन्हं एकाखाली एक येऊ देत. तुझ्या पानावर ‘८ × ६ = ४८ × ३ = १४४’ असं आहे. हे सरळ चूक आहे, कारण ४८ म्हणजे १४४ नव्हे. कॅल्क्युलेटरवर बोटं चालतात त्या क्रमाने लिहिलं की असं होतं.

खरी कसोटी आकृत्यांची. लोडिंग, एसएफडी (शिअर, म्हणजे छेदावरच्या उभ्या बलाची आकृती) आणि बीएमडी (बीम वाकवणाऱ्या मोमेंटची आकृती) तिन्ही एकाच पानावर, एकाखाली एक काढ. लांबीला १ मीटर = २० मिलिमीटर घेतलं की बीम १२० मिलिमीटर होतो. शिअरला १ मिलिमीटर = १ किलोन्यूटन आणि मोमेंटला १ मिलिमीटर = १ किलोन्यूटन-मीटर घे; सगळं पानात आरामात बसतं. स्केल आकृतीशेजारी लिहायचं. ए, सी, बी आणि शून्य शिअरच्या बिंदूतून २एच पेन्सिलने बारीक उभ्या रेघा खालपर्यंत सोड. मुख्य रेघा एचबीने, निदान दुप्पट जाड.

शिअर ३२ पासून सी च्या डावीकडे १६ वर येतो, तिथे १२ ने उतरून ४ होतो. पुढे ४ भागिले ८, म्हणजे आणखी अर्ध्या मीटरवर, शून्य. तिथेच, ए पासून २.५ मीटरवर, मोमेंट सर्वांत जास्त: ४९. सी खाली ४८ आणि बरोबर मध्यावरही ४८ येतो, म्हणून बरेच जण तिथेच थांबतात. दर मीटरचे बिंदू काढून घे (२८, ४८, ४८, ४०, २४) आणि फ्रेंच कर्व्हने जोड. सी ला शिअर एकदम उतरतो, त्यामुळे मोमेंटच्या वक्राला तिथे कोपरा पडतो. तो घासून गोल करू नकोस.

पडताळणीही कागदावर दाखव. उजवीकडून: २८ × ३.५ वजा ८ × ३.५ × ३.५ ÷ २ = ९८ − ४९ = ४९. ही एक ओळ असली की पुढचं सगळं विश्वासाने वाचलं जातं.

स्ट्रेस (दर क्षेत्रफळावरचं बल) काढताना मोमेंटला सेक्शन मॉड्युलसने भागायचं; त्यासाठी किलोन्यूटन-मीटरचं न्यूटन-मिलिमीटर करायला दहाचा सहावा घात लागतो. तिसरा घात घेतला की उत्तर हजारपट लहान येतं. तो बदल वेगळ्या ओळीत दाखव. सेक्शन मॉड्युलस (रुंदी × उंचीचा वर्ग ÷ ६) २२,५०,००० घन मिलिमीटर, म्हणून स्ट्रेस २१.८ मेगापास्कल. कॅल्क्युलेटरवरचं २१.७७७७७८ पूर्ण उतरवायचं नाही. पण मधल्या पायऱ्यांत आकडे तोडायचेही नाहीत, फक्त शेवटी. उत्तराभोवती चौकट, एकक आणि ‘खालच्या कडेला टेन्शन (ताण)’ एवढे शब्द हवेतच. इंग्रजी चिन्ह लिहिताना किलोचा के लहान आणि न्यूटनचा एन मोठा असतो. एम चुकला तर मिलीचा मेगा होतो.

चुकलं तर पट्टीने एकच आडवी रेघ मार. व्हाइटनरवर पुन्हा लिहिलेला आकडा स्कॅनमध्ये फिका येतो. स्कॅन खिडकीपाशी दिवसाच्या उजेडात कर, सगळी पानं एकाच पीडीएफमध्ये घे आणि फाइलला रोल नंबरचं नाव दे.

ट्रसचं (दांड्यांच्या त्रिकोणी सांगाड्याचं) गणित याच पद्धतीने मांडून पहिलं पान पाठव. मेंबरच्या (प्रत्येक दांड्याच्या) बलांचं कोष्टक, टेन्शन-कॉम्प्रेशनच्या रकान्यासकट, तेवढं मला आधी बघायचं आहे.

तुझा,
सुहास