स्पर्श टाळायचा, मग पिनचे काय?

महोदय,

करोनाच्या साथीच्या काळात अनेकांनी नोटा सोडून कार्ड धरले. पण कार्ड यंत्रात घालून पिन दाबला, तर सगळ्यांनी हाताळलेल्या कळांना बोट लागतेच! स्पर्शविरहित कार्ड यंत्रापासून दोन-चार सेंटिमीटरवर धरले की पुरते. ठरावीक रकमेपुढे मात्र पिन लागतो. म्हणूनच २०२० मध्ये अनेक देशांनी ती मर्यादा वाढवली. दुकानातला क्यूआर कोड (ठिपक्यांचा चौकोन) फोनने स्कॅन करून पैसे दिले, तर बोट फक्त आपल्याच फोनला लागते.

फोनवरून पैसे देणाऱ्या नवख्यांची खरी अडचण वेगळी. नेटवर्क अडखळले की पैसे खात्यातून वजा होतात, समोरच्याला पोचत नाहीत आणि घाईत माणूस पुन्हा भरतो. आधी व्यवहाराची स्थिती पाहावी. ‘प्रलंबित’ दिसल्यास थांबावे, व्यवहार क्रमांक जपावा. स्कॅननंतर दिसणारे नाव वाचूनच पिन टाकावा, कारण क्यूआरवर दुसराच कागद चिकटवलेला असू शकतो.

– एक वाचक