नवपदवीधरांनी उमेदवारी करायची कुठे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पदवीदान समारंभांचे दिवस आले की ‘जग झपाट्याने बदलत आहे, नवी कौशल्ये आत्मसात करा’ हा उपदेश प्रत्येक व्यासपीठावरून ऐकू येतो. महाविद्यालयात गणित शिकवताना मीही तो वर्षानुवर्षे केला. आज मला तो अपुरा वाटतो, कारण कोणते कौशल्य टिकेल हे जाणत्यांनाही सांगता आलेले नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेचे संशोधक आणि पुढे २०२४ मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल मिळालेले जेफ्री हिंटन यांनी २०१६ मध्ये असे म्हटले होते की, नवे रेडिओलॉजिस्ट, म्हणजे एक्स-रे आणि स्कॅन पाहून निदान करणारे डॉक्टर, घडवणे आताच थांबवावे, पाच वर्षांत यंत्रे त्यांच्याहून सरस ठरतील. ती मुदत केव्हाच उलटली. यंत्रे मदतीला आली, पण रेडिओलॉजिस्टची गरज काही संपली नाही. त्याच सुमारास प्रोग्रॅमिंग शिकलेल्याला नोकरीची ददात पडणार नाही, असे मुलांना सांगितले जात होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले आणि नवख्या प्रोग्रॅमरकडे सोपवला जाणारा किरकोळ कोड यंत्र क्षणात लिहू लागले.

माझी खरी काळजी या ‘किरकोळ’ कामाची आहे. नवा वकील जुने निकाल वाचून त्यांची टिपणे काढतो, नवा लेखापाल नोंदींचा ताळमेळ घालतो, नवा पत्रकार आलेल्या बातम्या संक्षिप्त करतो. हे काम कंटाळवाणे असते आणि त्याचे मोलही फारसे दिले जात नाही. पण शेकडो नोंदी स्वतः तपासल्यावरच एखादी चुकीची नोंद डोळ्यांना खुपू लागते. उमेदवारीच्या काळात हात बसतो आणि नजर तयार होते, ती याच कामातून. नेमके हेच काम यंत्राकडे सर्वांत आधी जात आहे. यंत्राचे उत्तर जाणकाराने तपासून घ्यावे असे सगळेच म्हणतात, पण उमेदवारीच बंद झाली तर वीस वर्षांनी हे जाणकार येणार कुठून, याचा विचार होताना दिसत नाही.

नासाच्या लँगली संशोधन केंद्रातील डोरोथी वॉन यांचे उदाहरण याबाबत फार बोलके आहे. तेथे अनेक स्त्रिया हाताने आणि यांत्रिक गणकयंत्रांवर आकडेमोड करीत असत. इलेक्ट्रॉनिक संगणक आल्यावर वॉन स्वतः फोरट्रान ही संगणकभाषा शिकल्या आणि त्यांनी ती सहकाऱ्यांनाही शिकवली. काळाबरोबर बदलावे कसे, याचा दाखला म्हणून ही हकिकत नेहमी सांगितली जाते. मला मात्र तिच्यातल्या दुसऱ्या दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. वॉन १९४३ पासून तेथे काम करीत होत्या, म्हणजे यंत्र येण्याआधीच त्यांच्यापाशी प्रत्यक्ष आकडेमोडीचा दांडगा अनुभव होता. आणि नवे शिकण्याची वेळ आली तेव्हा त्या संस्थेच्या आत होत्या, हाती काम आणि वेतन असलेल्या. आजचा पदवीधर दाराबाहेर उभा आहे आणि दारावर ‘अनुभव आवश्यक’ अशी पाटी आहे.

म्हणून उपदेशाचा सगळा रोख विद्यार्थ्यांकडेच ठेवणे मला अन्यायाचे वाटते. यंत्रामुळे वाचलेल्या खर्चाचा हिशेब मांडताना नोकरी देणाऱ्यांनी नवख्यांच्या जागा आधी कापू नयेत. आज संथ काम करणारा नवखाच उद्याचा तपासनीस आहे. महाविद्यालयांनीही शेवटच्या वर्षी विद्यार्थ्यांना अनुभवी माणसाच्या हाताखाली खरे काम करू द्यावे. उदाहरण आधी स्वतः सोडवायचे, मग यंत्राचे उत्तर पडताळायचे आणि त्यातली चूक तोंडी समजावून सांगायची, अशी परीक्षा घेणे अवघड नाही. तिला शिक्षकाचा वेळ मात्र लागतो, आणि तो देण्याची तयारी संस्थांनी दाखवायला हवी.

विद्यार्थ्यांना माझे एवढेच सांगणे आहे की, पहिली नोकरी निवडताना वेतनाच्या आकड्याइतकेच तेथे शिकवणारे कोण आहे हेही पाहावे. मुलाखतीच्या शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचे आहे का?’ असे बहुधा म्हटले जाते. त्या वेळी ‘माझे काम कोण तपासणार आणि चुकले तर मला कोण दाखवून देणार?’ हे निःसंकोच विचारावे.

आपली नम्र,
एक निवृत्त प्राध्यापिका