खेट्याची पाणंद मोकळी करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

यंदा चौथ्या खेट्याला माझ्या टाचेत खडी घुसली. जोतिबाला अनवाणी जायचं माझं हे ३१ वं वर्ष. बाभळीचे काटे मोजता येणार नाहीत एवढे मोडले, पण खडी पहिल्यांदा. निगव्याच्या पुढं रस्त्याकडेला बसून मोबाईलच्या उजेडात सोबतच्या बाईंच्या साडीपिनेनं ती काढली. बारीकच होती, हरभऱ्याच्या डाळीएवढी. तिच्यापायी हे पत्र लिहितोय.

बाहेरगावच्या वाचकांना खेटे म्हणजे काय ते सांगतो. राक्षसांचा निःपात करून जोतिबा परत हिमालयाकडं निघाला, तेव्हा अंबाबाई कोल्हापुरातून अनवाणी वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर गेली आणि तिनं त्याला थांबवून घेतलं, अशी आमच्याकडची कथा. म्हणून माघातल्या रविवारी कोल्हापूरकर पंचगंगेवर आंघोळ करून चालत निघतात. असे पाच खेटे घालायचे. घाटापासून शिवाजी पूल, मग वडणगे, निगवे, कुशिरे, तिथून गायमुखावरून डोंगर. साधारण १७-१८ किलोमीटर भरतं. पहाटे चारला निघालं की उन्हाच्या आत देवळात पोचतो. लेथवरून निवृत्त झाल्यापासून एकही खेटा चुकवत नाही, देवासाठी थोडा आणि वाटेसाठी जास्त. (हे आमच्या मंडळींना सांगू नये.)

या वाटेचं सुख सगळं पायाला कळतं. पुलावरचा दगड माघात बर्फासारखा. वडणगं ओलांडून पाणंदीला, म्हणजे शेतामधल्या वाटेला, लागलं की फुफाटा, दवानं वरून ओला आणि आतून ऊबदार. दोन्ही बाजूला ऊस, त्यामुळं वारा नाही. आणि तोडीचा हंगाम असल्यानं वास आधी येतो, गुऱ्हाळ मागून दिसतं. चुलवाणात चिपाडं सारणारा गडी आगीसमोर उघडा बसलेला असतो, आम्ही मफलर गुंडाळून उभे. काहिलीतल्या रसाला भेंडीचा चीक घालून मळी वर आणायची, ती झाऱ्यानं काढायची, मग रस आटून फसफसायला लागला की गुळव्या पाण्यात थेंब टाकून बोटांनी गोळी वळून बघतो. घड्याळ नाही, मीटर नाही. मी आयुष्यभर मायक्रोमीटर हातात धरलेला माणूस, मला त्या दोन बोटांचा हेवा वाटतो. एका वर्षी आधण उतरताना आम्ही नेमके पोचलो, तर त्यानं उसाच्या पानावर गरम काकवी दिली. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ही अभिमानाची गोष्ट आहे, पण मला मानांकन म्हटलं की ते पानच आठवतं.

तर ही पाणंद यंदा बंद होती. गावाचं नाव लिहीत नाही, कारण भांडण लावायचं नाही. दोन दगडी खांब, त्यांना काटेरी तार, मागं उसाची लावण. आम्ही पन्नासेक जण अंधारात तारेपुढं उभे. शेजारच्या वस्तीवरचा एक पोरगा बॅटरी घेऊन आला आणि म्हणाला, "काका, वाट हिकडनं न्हाई आता. डांबरीवरनं जावा." म्हणून डांबरीवरून वळसा घेतला. तिथं नुकतीच खडी पसरलेली होती, अजून दाबली नव्हती. वरून उसाचे ट्रॅक्टर, एकेकाला दोन-दोन ट्रॉल्या, मागचा दिवा एकाही ट्रॉलीला नाही. आमच्यात सात वर्षांची एक मुलगी होती. तिच्या आजोबांनी तिला तो सगळा वळसा खांद्यावरून नेली.

शेतकऱ्याला शिव्या देणं सोपं आहे. मी देत नाही. बांधाला बांध लागलेला, वीस-तीस गुंठ्यांचा धनी, त्याला चार फूट म्हणजे एक सरी दिसते. पाणंद एका रात्रीत कुणी गिळत नाही, दरसाल एक सरी सरकते. ३१ वर्षांपूर्वी इथून भरलेली बैलगाडी जायची आणि बाजूनं आम्ही चालायचो. गेल्या साली एकामागं एक चाललो. यंदा तार. लेथवर एक सूत इकडं-तिकडं झालं तर जॉब, म्हणजे कातायला लावलेला तुकडा, भंगारात जातो. इथं अख्खी वाट गेली आणि कुणाच्या ते मापात आलं नाही.

म्हणून मी माप काढायला गेलो. भूमी अभिलेखमधून गावनकाशाची प्रत काढली. नकाशात एक तुटक रेघ म्हणजे पायवाट, सव्वाआठ फुटांची. दोन तुटक रेघा म्हणजे गाडीवाट, १६.५ ते २१ फुटांची. आमची पाणंद दोन रेघांची निघाली. म्हणजे ही कुणाच्या मेहेरबानीची वाट नाही, कागदावरची आहे. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ नुसार अडवलेली वाट तहसीलदार मोकळी करून देऊ शकतात. पण अडथळा आल्यापासून सहा महिन्यांत दावा दाखल व्हावा लागतो. गोम इथंच आहे. आम्ही खेटेकरी उगवणार माघात. चैत्रानंतर कुणी तार मारली तर आम्हाला ती दिसेपर्यंत मुदत संपलेली असते. या वेळची तार तिसऱ्या खेट्यानंतरची आहे असं वस्तीवर सांगतात, म्हणजे अजून दिवस आहेत. शिवाय आता ऊस तुटतोय. रान मोकळं झालं की मोजणीची साखळी टाकणं सोपं, एकदा उसानं डोकं वर काढलं की हद्द कुठली आणि सरी कुठली.

दुसरी गोष्ट डोंगराची. कुशिऱ्यावरून वर जाणाऱ्या वाटेवर पेव्हिंग ब्लॉक घालायचे अशी बोलवा आहे. खरी असेल तर कृपा करून घालू नका. तिथं धायटी फुललेली असते, करवंदीच्या जाळ्या आहेत, पळस पेटलेला असतो. पाला पडून माती अशी झालीय की उतरताना गुडघ्याला दणका बसत नाही. वाट सोडून थोडं आत गेलं की पोहाळ्याची लेणी. एवढा डोंगर कोरणाऱ्यांनी वाट मात्र मातीचीच ठेवली. पायाला दगडाचं वावडं आहे असं नाही. वर राणोजीराव शिंद्यांनी १७३० मध्ये बांधलेल्या देवळाचा काळा दगड सकाळी नऊला सुद्धा गार असतो. सिमेंटचा ब्लॉक मात्र अकराला तव्यासारखा तापतो, आणि उतरणारी माणसं अकरालाच उतरतात. तेवढ्या पैशात वणव्यापासून रान राखायला जाळपट्टे काढा. शिवरात्रीनंतर गवत वाळतं, कुणीतरी काडी टाकतं आणि अख्खी उतरण काळी होते. गेल्या वर्षी राखेतून चाललो, धोतर आणि पाय सारखेच काळे झाले होते. बाटल्यांच्या काचा वेगळ्याच. त्या आम्ही पिशवीत भरून खाली आणतो, पण दर खेट्याला नव्या सापडतात.

खेटेकऱ्यांनाही एक बोलतो, म्हणजे कागद एकतर्फी व्हायला नको. पाणी वाटणाऱ्या मंडळांचे प्लॅस्टिकचे ग्लास आपणच उसात फेकतो. ते सऱ्यांत अडकतात, मग शेतकरी तार मारणार नाही तर काय करणार? घरून तांब्या न्यावा. माझा पितळी आहे, जड आहे, पण वाजत जातो तेवढी सोबत.

दावा दाखल करायला वाट वापरणाऱ्यांपैकी नावं लागतील. नकाशाच्या प्रती मी काढून ठेवल्यात. पाचव्या खेट्याला पहाटे पावणेचारला पंचगंगा घाटावर, पितळी तांब्यावाला म्हातारा कोण म्हणून विचारलं तरी कुणीही दाखवील. येताना आधारकार्डाची झेरॉक्स आणावी.

आपला,
एक खेटेकरी
शुक्रवार पेठ, कोल्हापूर