कॉलममधलं निकेल

आदरणीय सर,

मेलमधून आभार मानले असते तर तुम्ही नेहमीप्रमाणे विषय बदलला असता, म्हणून हे चारचौघांत.

मी ना तुमची विद्यार्थिनी, ना ओळखीतली. जिवाणूंच्या युरिएजवरचे (युरिया फोडून अमोनिया सोडणारं, निकेल लागणारं एन्झाइम) तुमचे शोधनिबंध वाचून माझं अडलेलं काम लांबलचक मेलमध्ये लिहिलं होतं. चौथ्या दिवशी एका ओळीचं उत्तर आलं: "मोजलेलं निकेल एन्झाइममधलं की कॉलममधलं?"

खरं सांगते, आधी रागच आला. सात महिने खपून क्लेबसिएला या जिवाणूचं युरिएज इ. कोलाय या दुसऱ्या जिवाणूत बनवलं होतं. शुद्ध केलेल्या प्रथिनात निकेल भरपूर, पण युरिया घातला की नळीतलं फिनॉल रेड हे रंग बदलणारं सूचक पिवळं ते पिवळंच. अमोनिया सुटला असता तर गुलाबी व्हायला हवं. मी युरियाची बाटली बदलली, बफर नव्याने केलं, फ्रिजलाही दोष देऊन झाला. प्रथिनाला हिस्टिडीन या निकेल पकडणाऱ्या अमिनो आम्लाची शेपटी लावून, शुद्ध करताना ते आपण निकेल भरलेल्याच कॉलमवर (गाळणीसारख्या नळीवर) धरलंय, हे काही डोक्यात आलं नाही. निकेल शेपटीला चिकटून आलेलं, आणि खरी जागा रिकामी!

मग तुम्ही दीड तास ऑनलाइन बसलात. युरिएजमध्ये निकेलचे दोन आयन आपसूक जाऊन बसत नाहीत. तिथल्या लायसिन या एका अमिनो आम्लाला कार्बन डायऑक्साइड जोडला जातो, तेव्हा कुठे दोघांमध्ये पूल होतो. शिवाय निकेल आणून नीट बसवणारी मदतनीस प्रथिनं वेगळीच. मी मूळ एन्झाइमचे तीन जनुक तेवढे उचलले होते. मी ओशाळले, तर तुम्ही हसलात. जेम्स सम्नर या शास्त्रज्ञाने १९२६ मध्ये बियांतल्या युरिएजचे स्फटिक काढले, त्यात निकेल आहे हे कळायला १९७५ उजाडलं. "४९ वर्षं भल्याभल्यांना दिसलं नाही, तुझे सातच महिने गेलेत."

शेपटी काढली, मदतनीसांचे जनुक घातले, वाढीच्या माध्यमात निकेल क्लोराइड टाकलं. नळी गुलाबी झाली त्या रात्री मी तुम्हाला फोटो पाठवला. तुमचं उत्तर पुन्हा एका ओळीचं: "छान. आता निकेल न घालता वाढवलेल्या पेशींचं कंट्रोल दाखव."

तो कंट्रोल, म्हणजे तुलनेचा प्रयोग, आज केला, सर. पिवळाच राहिलाय. फोटो मेलवर पाठवलाय.

तुमची,
न शिकवलेली विद्यार्थिनी