खांदा आखडला? आधी साखर तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

थंडी पडली की आपल्या खानापूर-बेळगाव भागात ‘खांदा धरलाय, वात असेल’ हे हमखास कानावर येते. मग तेल, शेक आणि शेवटी कुणाकडून तरी हात ओढून घेणे. चाळिशी-साठीच्या दरम्यान, कुठे न पडता हात पाठीमागे जाईनासा झाला, केस विंचरता येईनात, तर वाताच्या नावाने बोटे मोडण्याआधी तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीएवनसी तपासणी करावी. 6.5 टक्के किंवा अधिक म्हणजे मधुमेह.

सांध्याभोवतीची पिशवी कोलॅजन नावाच्या प्रथिनाच्या दोऱ्यांची असते. या दोऱ्या लवकर बदलत नाहीत; त्वचेतले निम्मे कोलॅजन बदलायलाही सुमारे 15 वर्षे लागतात. तेवढ्या काळात रक्तातली साखर त्यांना चिकटते आणि शेजारच्या दोऱ्या एकमेकींत जखडतात. वयाबरोबर हे सर्वांचेच होते, साखर वाढलेली असली की लवकर. त्यात सूज येऊन पिशवी जाड होते, आकसते. एरवी तिच्यात 20 मिलिलिटरच्या आसपास द्रव मावतो, आखडल्यावर दहाही मावत नाही. अशा खांद्याला हिसका दिला तर पिशवी फाटते. हाडे ठिसूळ झालेल्या बाईचा दंडही मोडू शकतो.

हातांचेही तेच. नमस्कारासारखे तळवे जोडा. बोटांमध्ये फट राहत असेल तर साखर बघाच. निपाणीकडे विड्या वळणाऱ्या बायकांचे बोट अडकून ‘खट्’ करून सुटते, त्याचा दोष सगळा कामावर जातो. काम कारण आहेच, पण मधुमेहातही हे जास्त होते.

व्यायाम साधा आहे. चांगल्या हाताने टेबल धरून वाकायचे, दुखरा हात लोंबू द्यायचा, दोन्ही दिशांना दहा-दहा छोटे गोल, दिवसातून तीनदा. मग भिंतीवर बोटांनी चढायचे आणि पोचलेल्या जागी पेन्सिलची खूण करायची. दुखणे नंतर तासभर टिकले तर ताण जास्त झाला. खांदा मोकळा व्हायला वर्ष-दोन वर्षेही लागतात. स्टेरॉइडचे इंजेक्शन घेतलेत तर पुढचे काही दिवस साखर चढते, ती मोजत राहा.

आणि ‘साखर सोडली, आता गुळाचा चहा घेतो’ म्हणणारे इथे घरोघरी आहेत. गुळात बहुतांश तीच उसाची साखर असते.

आपला,
एक फिजिओथेरपिस्ट, खानापूर (जि. बेळगाव)