कोणती रीत, कधी

प्रिय मित्रा,
स. न.

पत्र मिळालं. इंटिग्रेशनमध्ये सबस्टिट्यूशन या रीतीच्या स्वाध्यायातली गणितं सुटतात, बाय पार्ट्स या रीतीचीही सुटतात, पण पेपरात तीच मिसळून आली की हात थांबतो, याचं मला नवल वाटलं नाही. स्वाध्यायाच्या डोक्यावर रीतीचं नाव छापलेलंच असतं. निवडायचं काम पुस्तक करून टाकतं, तुझ्याकडे उरते ती आकडेमोड. डेरिव्हेटिव्हला हे खपून जातं. गुणाकार दिसला की प्रॉडक्ट रूल, फंक्शनच्या पोटात फंक्शन दिसलं की चेन रूल. इंटिग्रेशनला असा सरधोपट रस्ता नाही.

इंटिग्रेशनची ही चार गणितं बघ. अपूर्णांकात खाली एक्स-वर्ग अधिक १, वर नुसता १: थेट टॅन इन्व्हर्स. वर एक्स ठेव. खालच्याचं डेरिव्हेटिव्ह २ एक्स, म्हणजे वर ते जवळपास तयारच आहे. सबस्टिट्यूशन कर, उत्तरात लॉग येईल. वर एक्स-वर्ग ठेवलास तर दोन्ही घात सारखे झाले, म्हणून आधी भागाकार. १ वजा पहिलंच गणित उरतं. आणि वर पुन्हा १ ठेवून खालच्या अधिकचं वजा केलंस, की अवयव पडतात आणि पार्शल फ्रॅक्शन्स लागतात, म्हणजे एका अपूर्णांकाचे सोपे तुकडे करायचे. एका चिन्हाने सगळा डाव बदलतो!

म्हणून पेन टेकवण्याआधी एकच बघ: एका तुकड्याचं डेरिव्हेटिव्ह दुसऱ्यात बसलंय का? एक्स गुणिले ई चा एक्स-वर्ग घात, इथे बसलंय. एक्स गुणिले ई चा एक्स घात, इथे नाही. पण एक्सचं डेरिव्हेटिव्ह घेतलं की तो १ होऊन बाजूला होतो, म्हणून बाय पार्ट्स. (दोघांतलं कोणतं फंक्शन पहिलं धरायचं ते सांगणारा आयलेटचा क्रम पाठ असू दे, पण तो बाय पार्ट्स ठरल्यावर कामाचा. ठरवायला त्याचा उपयोग नाही.) आणि नुसता ई चा एक्स-वर्ग घात समोर आला तर झटत बसू नकोस. त्याचं इंटिग्रल आपल्या ओळखीच्या फंक्शन्समध्ये लिहिताच येत नाही. ज्यांचं इंटिग्रल असं लिहिता येत नाही, त्या फंक्शन्सचा सिद्धांत लिऊव्हिल या फ्रेंच गणितज्ञाने १८३० च्या दशकात मांडला.

आता एक कर. सगळ्या स्वाध्यायांतली गणितं चिठ्ठ्यांवर उतरव, मिसळ, आणि एकेक उचलून फक्त रीत आणि तिचं कारण लिही. सोडवायचं नाही. कारण अर्ध्या ओळीत लिहिता आलं नाही, ती चिठ्ठी वेगळी काढ आणि त्या तेवढ्या मला पाठव. सेक क्यूब मात्र सध्या बाजूलाच असू दे. तो बाय पार्ट्स करता करता फिरून स्वतःवरच येतो, त्याच्यावर पुढच्या पत्रात लिहितो.

तुझाच,
मित्र