बाबा, सिव्हिलची तारीख सोडू नका

आयझलवर्थ, लंडन, रविवार

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

परवा बाबा फोनवर म्हणाले, "सिव्हिल गरिबांचं, आपण कशाला जायचं?" मोतीबिंदूची तारीख मिळालेली असताना हे ऐकलं आणि मला रात्रभर झोप लागली नाही. फोनवर बाबा विषय बदलतात, म्हणून लिहायला बसले.

माझ्या वॉर्डात नव्वदी ओलांडलेल्या एक आजी होत्या. खुब्याचं हाड मोडलेलं, तरी आमच्या या हॉस्पिटलात यायला तयार नव्हत्या. अंग पुसताना त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. "मला घरी सोडाल ना गं?" लहानपणी त्यांच्या आईनं धाक घातला होता, त्या फाटकातून आत गेलेलं माणूस परत येत नाही.

कारण हे हॉस्पिटल मुळात ब्रेंटफर्डच्या वर्कहाऊसचा दवाखाना, 1896 चा. वर्कहाऊस म्हणजे ज्यांची चूल पेटत नाही, ज्यांना कुणी नाही, त्यांना ठेवायची जागा. तिची लाज इतकी, की तिथं जन्मलेल्या मुलांच्या दाखल्यावर संस्थेचं नाव न घालता साधा पत्ता लिहावा, अशी सूचना 1904 साली निघाली. मूल जन्मलं की पहिली काळजी पत्ता लपवायची! मला पुढं वाचवेना.

पहिल्या महायुद्धानंतर हा भाग भराभर वाढला. 1925 ला ग्रेट वेस्ट रोड झाला, कडेनं कारखाने आले, मागं जोडघरांच्या रांगा. मिडलसेक्सची, म्हणजे तेव्हाच्या इथल्या काउंटीची (आपल्याकडचा जिल्हा म्हणा), वस्ती 1921 मध्ये 12.5 लाख होती, दहा वर्षांत 16 लाखांवर गेली. एवढ्या लोकांनी आजारी पडलं की जायचं कुठं? देणग्यांवर चालणारे छोटे दवाखाने किती पुरणार?

1929 चा कायदा आला. 1 एप्रिल 1930 पासून गरीबखाती चालवणारी मंडळं गेली आणि असे दवाखाने काउंटी कौन्सिलकडे आले. कौन्सिलला ते गरिबांच्या कायद्यातून काढून सार्वजनिक आरोग्याखाली आणता येऊ लागले. ज्याची ऐपत त्याच्याकडून पैसे घ्यायचे, नाही त्याच्याकडून नाही. खाट मात्र दोघांना सारखीच. बाबा, मला यात फार मोठी गोष्ट दिसते. भिंती त्याच होत्या, पण आत येणारा आता आश्रित नव्हता, पेशंट होता. 1948 ला राष्ट्रीय आरोग्य सेवा आली, तेव्हा अशी हॉस्पिटलं तयार उभी होती.

लोकांच्या मनातली भीती मात्र गेली नव्हती, ती आजींच्या मुठीत मी स्वतः पाहिली. त्या तीन आठवड्यांनी वॉकर धरून घरी गेल्या.

तुम्ही आयुष्यभर कर भरलात, बाबा. सिव्हिल तुमचंही आहे.

आई, केसपेपर कपाटात वरच्या कप्प्यात, निळ्या पिशवीत आहे. शुगरचा रिपोर्ट सोबत घे. सकाळी आठला निघा, आणि त्यांना एकटं पाठवू नकोस. पट्टी काढली की मला व्हिडिओ कॉल कर, मला त्यांचे डोळे बघायचेत.

तुमची,
सुमा